दुसरं माप

शोधनिबंधाच्या शेवटी आभाराचा एक छोटा परिच्छेद असतो. निधी देणारी संस्था, आकडेमोडीला मदत करणारे सहकारी, मसुदा वाचणारे ज्येष्ठ, आणि सगळ्यांत शेवटी ‘सहभागी माता व बालके’. असे परिच्छेद मी पुष्कळ लिहिले. माझ्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवला तो ज्यांच्यामुळे, ती माणसं मात्र त्यात कधी मावली नाहीत. नियतकालिकांना शब्दमर्यादा असते आणि संपादकांना घाई. आता निवृत्तीनंतर मला दोन्ही नाहीत.

नव्वदच्या दशकात संख्याशास्त्राची पदवी घेऊन मी जव्हार भागातल्या एका पोषण-पाहणीत लागले. तेव्हा तो तालुका ठाणे जिल्ह्यात होता. वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची बातमी महाराष्ट्राने वाचलेली होती, आणि एकदम सगळ्यांना तिथल्या मुलांची वजनं-उंच्या हव्या होत्या. आमच्या गटाच्या प्रमुख होत्या त्यांना आम्ही नुसतं ‘बाई’ म्हणायचो. कलकत्त्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशिक्षण घेऊन आलेल्या, खादीची पांढरी साडी, खांद्याला शबनम, आणि त्या शबनममध्ये गवंड्याची पाणसळ. शेणाने सारवलेली जमीन डोळ्यांना सपाट दिसते, पण पाणसळीतला बुडबुडा काही मधोमध येत नाही. मग फळीखाली कौलाचे तुकडे, पुठ्ठे सारायचे. तो बुडबुडा जागेवर आल्याशिवाय बाई कुणाला मुलाला हात लावू देत नसत.

दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजतात, त्यावरच्याची उंची उभं करून. एकाच मुलाची आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा सरासरी 7 मिलिमीटरने जास्त भरते, म्हणून कोणतं माप कसं घेतलं हे फॉर्मवर लिहावं लागतं. ऐकायला सोपं आहे. आडव्या मापाच्या पाटाला डोक्याकडे पक्की फळी, पायाकडे सरकती. एकीने डोकं पक्क्या फळीला टेकवून धरायचं, नजर सरळ वर. दुसरीने गुडघे सरळ करायचे आणि फळी तळव्यांना लावायची. त्याआधी टोपडं काढायचं, वाळे काढायचे, मोठ्या मुलींच्या वेण्या सोडायच्या. वजनाच्या वेळी कंबरेच्या करगोट्याचा ताईतसुद्धा हिशेबात धरायचा. आणि हे सगळं होईपर्यंत मूल शांत पडून राहील, अशी कुणाची समजूत असेल तर त्या माणसाने मूल पाहिलेलं नाही.

बाईंचा नियम असा, की पाहणी सुरू होण्याआधी आणि नंतर अधूनमधून दहा मुलं निवडायची. प्रत्येकीने ती दहाही मुलं मोजायची. मग पहिले फॉर्म बाईंच्या शबनममध्ये जमा. तासाभरात मुलांचा क्रम बदलून, कोरे फॉर्म घेऊन, तीच दहा मुलं पुन्हा मोजायची. पहिला आकडा कुणाला दिसता कामा नये, आठवणीतून सांगता कामा नये. लिहून घेणारीसुद्धा बदलायची, कारण तिच्या लक्षात राहिलं तर ती नकळत भुवई उंचावते. बाई स्वतःही मोजायच्या, दोनदा, आणि त्यांचे फॉर्म आमच्यातल्याच एकीकडे जमा व्हायचे.

संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात हिशेब. दोन मापांतला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, दहाही वर्गांची बेरीज करायची, तिला मुलांच्या संख्येच्या दुपटीने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. समजा फरक मिलिमीटरमध्ये 2, 4, 1, 3, 0, 5, 2, 1, 3, 1 असे आले. वर्गांची बेरीज 70, भागिले 20, म्हणजे साडेतीन; वर्गमूळ 1.87. ही त्या मुलीची ‘मापनातली तांत्रिक चूक’, पावणेदोन-दोन मिलिमीटर. दुपटीने का भागायचं, हे मी पहिल्याच संध्याकाळी विचारलं. बाई म्हणाल्या, “अगं, फरकात दोन मापं आहेत ना? दोघांनीही आपापला घोळ त्यात घातलाय. तुला एकाच मापाचा घोळ हवाय.” वर्गात वर्षभर विचरणाचे गुणधर्म शिकले होते, त्यांचा उपयोग असा पाड्यावर पहिल्यांदा कळला.

आणखी एक कसोटी होती. मध्य अमेरिकेतल्या खेड्यांत काम केलेल्या ज्याँ-पिएर हाबिख्त यांनी 1974 साली ती मांडली होती आणि बाईंकडे तिची टंकलिखित नक्कल होती. मोजणारीच्या स्वतःच्या दोन मापांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज पर्यवेक्षकाच्या बेरजेच्या दुपटीपेक्षा जास्त असता कामा नये; पर्यवेक्षकाशी तुलना करून येणारी बेरीज तिपटीपेक्षा जास्त असता कामा नये. पहिलीने हात स्थिर आहे का ते कळतं, दुसरीने तो बरोबर जागी आहे का ते. यातली मजा अशी, की पर्यवेक्षक स्वतः गबाळी असेल तर सगळ्याच मुली पास होतात. म्हणून बाई स्वतःचा आकडा सगळ्यांत आधी फळ्यावर लिहायच्या.

शेवटच्या आकड्याचा खेळही त्यांचाच. दिवसभराच्या फॉर्मांवरच्या उंच्यांचा फक्त दशांशानंतरचा आकडा घ्यायचा आणि शून्यापासून नवापर्यंत चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, अशा खुणा करत जायचं. मुलांच्या उंचीला शून्य किंवा पाचाचं प्रेम असायचं काही कारण नाही. दोन्ही मिळून सगळ्या मापांचा पाचवा हिस्सा व्हायला हवा. ज्या मुलीच्या रकान्यात निम्मी मापं शून्य-पाचावर संपली असतील ती थकलेली आहे, असं बाई समजत. रागवत नसत. दुसऱ्या दिवशी तिला लिहून घ्यायला बसवत आणि मोजायला दुसरीला उभी करत.

सहसंबंध गुणांकावर त्यांचा राग होता. आम्हा सगळ्यांना तो पाठ होता आणि 0.99 आला की हात आकाशाला लागत. एकदा त्यांनी माझ्याच एका रकान्यातल्या प्रत्येक उंचीत एक सेंटिमीटर मिळवायला सांगितला आणि गुणांक पुन्हा काढायला लावला. तोच आला, दशांशाच्या शेवटच्या घरापर्यंत. म्हणजे प्रत्येक मूल एक सेंटिमीटरने उंच लिहिलं तरी या गुणांकाला पत्ता नाही. मग त्यांनी एक झेरॉक्स हातात दिली. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांचा ‘लॅन्सेट’मधला 1986 चा लेख. श्वासाचा जोर मोजणारी दोन उपकरणं, एक मोठं आणि एक छोटं, 17 माणसं. त्या दोघांनी दोन उपकरणांच्या आकड्यांचा सहसंबंध बाजूला ठेवून फरक मांडला होता: आडव्या अक्षावर दोन मापांची सरासरी, उभ्यावर दोन मापांतला फरक. एकदा ते चित्र बघितलं की डोळ्यांवरचं झापड जातं. फरक शून्याभोवती विखुरलेत की सगळेच एका बाजूला झुकलेत, मोठ्या मुलांत वाढतात की सारखेच राहतात, हे आलेखच सांगतो.

‘विश्वसनीयता’ म्हणून छापला जाणारा आकडाही त्यांनी असाच सोलून दाखवला. तो काढताना मापनातल्या चुकीच्या वर्गाला मुलांमधल्या विचरणाने भागतात आणि एकातून वजा करतात. शून्य ते पाच वर्षांची सगळी मुलं एकत्र घेतली आणि त्यांच्या उंचीचं प्रमाणित विचलन समजा 12 सेंटिमीटर धरलं, तर तब्बल एक सेंटिमीटरची चूक करणारी मोजणारीही 0.99 मिळवते. फक्त एका वयाची मुलं घेतली आणि विचलन 3 सेंटिमीटर धरलं, की तीच मुलगी, तोच हात, 0.89 वर येते. मुलं वेगवेगळी असण्याचं श्रेय मोजणारी घेऊन जाते, असं बाई म्हणायच्या. आजही कुणी मला नुसता हा आकडा दाखवला की मी आधी विचारते, मुलं कोणत्या वयाची?

पुनरावृत्ती करून पाहण्याचं हे वेड कुठून आलं, असं एकदा विचारलं तेव्हा त्या संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांबद्दल बोलल्या. 1937 पासून बंगालमध्ये तागाचं पीक किती ते ठरवायच्या पाहण्यांत महालनोबिसांनी एकाच प्रदेशावर दोन स्वतंत्र नमुने टाकले आणि दोन वेगळ्या तुकड्या पाठवल्या. दोघींचे अंदाज शेजारी ठेवले की पाहणी किती पाण्यात आहे ते तिथल्या तिथे कळायचं. पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीतही ही पद्धत राहिली. बाईंचा आक्षेप एवढाच होता, की या दुसऱ्या तुकडीचा प्रवासखर्च मंजूर करून घ्यायला महालनोबिसांसारखा माणूस लागतो.

इथे एक आडवळण घेते. सातत्य म्हणजे सत्य नव्हे, हे सांगताना बाईंना नेहमी मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे आठवत. इरावतीबाई 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजल्या. फिशर यांना वंशावंशांत फरक सापडायला हवा होता. मापं काटेकोर होती, उपकरणं जर्मन होती, पुन्हा मोजलं तर आकडे जुळतच असणार; पण इरावतीबाईंना तो फरक सापडला नाही आणि त्यांनी तसंच लिहिलं. पुढे पुण्याला येऊन त्यांनी महाराष्ट्रातल्या माणसांची मापं घेतली, वि. म. दांडेकरांबरोबर त्याचं पुस्तक 1951 मध्ये डेक्कन कॉलेजने काढलं. दहा माणसं दहा वेळा मोजून तोच आकडा आणतील आणि तरी ज्यासाठी मोजलं तो तर्क साफ खोटा असू शकतो. बाईंच्या तोंडून हे ऐकलं नसतं तर मी आयुष्यभर चुकीचं काहीतरी अतिशय नेमकेपणाने मोजत बसले असते, अशी दाट शक्यता आहे.

बाईंचं ऋण कुणालाही समजेल. दुसरं ऋण मात्र कागदावर दाखवता येत नाही.

पाट सरळ धरायला, मुलांना सांभाळायला आमच्याबरोबर पाड्यावरची एक वयस्क बाई यायची. पूर्वी ती सुईण होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती आम्हाला सगळ्यांना, बाईंनासुद्धा, ‘तू’ म्हणायची, तिथली रीतच तशी. तिला अक्षरओळख नव्हती. पाटावर मूल ठेवलं की पायाकडची बाजू तिची. आम्ही गुडघे दाबायचो, मूल अधिकच पाय आखडायचं. मावशी गुडघ्यांवर नुसता तळहात ठेवायची आणि वाट बघायची. रडणारं मूल मध्येच श्वास घ्यायला थांबतं. तेवढ्या क्षणात पाय सैल पडतात. त्या क्षणी ती डाव्या हाताने फळी सरकवून तळव्यांना लावायची आणि म्हणायची, “आता.” आपण त्या ‘आता’ला वाचायचं. क्षणभर उशीर झाला की गेलं.

एका संध्याकाळी फळ्यावरचे आकडे बघताना बाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी जुन्या वह्या काढायला लावल्या. आमच्यापैकी एकीची चूक कधी दोन मिलिमीटर यायची, कधी पाच. दुसरीचंही तसंच. हात सुधारतोय असंही नाही, बिघडतोय असंही नाही. बाईंनी विचारलं, “त्या दिवशी पायाकडे कोण होतं?” फॉर्मवर मोजणारीचा सांकेतिक क्रमांक होता, लिहून घेणारीचा होता, पाय धरणारीचा नव्हता. आम्ही आठवून आठवून सांगितलं. जिथे मावशी होती तिथे चूक कमी होती, मोजणारी कुणीही असो. आम्ही ज्याला आपल्या हाताची सफाई समजत होतो ती बरीचशी तिच्या हाताची होती. दुसऱ्या दिवसापासून फॉर्मवर तिसरा रकाना आला, आणि मावशीला क्रमांक मिळाला. ती हसली. म्हणाली, रेशनच्या कार्डावरही तिला नंबरच आहे.

नवीन लोकांना शिकवायचं कामही मग तिच्याकडे आलं. शब्दांत सांगता येत नव्हतं म्हणून ती शिकणारीचा हात आपल्या हाताखाली ठेवून घ्यायची. मीही तशीच शिकले. पुढे मी कितीतरी प्रशिक्षणं घेतली, पडद्यावर गुडघ्यांच्या कोनाची चित्रं दाखवली. पण शेवटी सगळ्यांना पाटाजवळ बसवून त्यांच्या हातांवर हात ठेवते.

आणि आया. पहिलं माप त्यांच्या कामाचं होतं. मूल कोणत्या श्रेणीत आहे ते कळायचं. त्या काळी वयाच्या मानाने वजन अपेक्षेच्या 60 टक्क्यांवर किंवा खाली गेलं की तिसरी श्रेणी, 50 वर किंवा खाली गेलं की चौथी. त्यावर जादा आहार, औषध, डॉक्टर ठरायचं. दुसऱ्या मापाचा त्यांना काडीचाही उपयोग नव्हता. लावणीचे दिवस, शेतात चिखल तयार, आणि आम्ही त्यांना तासभर ओट्यावर बसवून ठेवणार, शांत झालेलं मूल पुन्हा रडवायला. एक आई सरळ म्हणाली, “आताच तर मापलंस. परत कशाला?” मी चुकीच्या वर्गाचं आणि वर्गमुळाचं काय सांगणार? मावशीने सांगितलं, “पहिलं माप तुझ्या पोराचं. दुसरं या पोरीचं.”

इतकं नेमकं मी नंतर कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही. दुसऱ्या मापाने मूल मोजलं जात नाही, मोजणारी मोजली जाते. ती आई हसली आणि बसून राहिली. पोरीची परीक्षा आहे म्हटल्यावर तिने मुलाला गप्प करायचीही खटपट केली, मी पास व्हावं म्हणून.

डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून रक्त कमी आहे का ते बघायचं कामही असायचं. तिथे मिलिमीटर नाहीत. ‘फिकट’ किंवा ‘फिकट नाही’. दोघींनी वेगवेगळं बघायचं. शंभरातल्या 88 मुलांबाबत एकमत झालं तर छान वाटतं. पण दोघीही दहातल्या नऊ मुलांना ‘फिकट नाही’ म्हणणाऱ्या असतील, तर डोळे मिटून उत्तरं दिली तरी 82 वेळा एकमत होणारच. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये हे योगायोगाचं एकमत वजा करायची रीत दिली. वरच्या उदाहरणात उरतो फक्त तिसरा हिस्सा, 0.33. त्या गुणांकाला कप्पा म्हणतात. आमचे कप्पे फारसे चांगले कधी आले नाहीत. ओट्यावर बघितलं तर मूल ठीक आणि कुडाच्या आत बघितलं तर फिकट, असा प्रकार. बाईंनी ते सगळे आकडे अहवालात जसेच्या तसे छापले आणि पापण्यांवरून काढलेले निष्कर्ष गाळले. अहवालाची काही पानं गेली. कुणीतरी हळहळलं, मला वाटतं मीच.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या वाढीचे नवे मापदंड काढण्यासाठी सहा देशांत मोठा अभ्यास केला, 1997 ते 2003. ब्राझीलमधलं पेलोतास, घानाची राजधानी अक्रा, आपली दिल्ली, ऑस्लो, मस्कत आणि कॅलिफोर्नियातलं डेव्हिस. प्रत्येक मूल दोघींनी स्वतंत्रपणे मोजायचं आणि मग आकडे जुळवायचे. वजनात 100 ग्रॅम, उंचीत 7 मिलिमीटर, दंडाच्या घेरात 5 मिलिमीटर यांहून जास्त फरक आला तर दोघींनी पुन्हा मोजायचं. 2006 मध्ये ते मापदंड प्रसिद्ध झाले. आज अंगणवाडीच्या भिंतीवर जो वाढीचा तक्ता दिसतो त्यामागे हे दुसरं माप आहे. मी ती कार्यपद्धती वाचली तेव्हा बाई हयात नव्हत्या. पाय धरणारीला क्रमांक द्यायचा की नाही, एवढंच मी त्यात शोधत होते.

शेवटी पैशांची गोष्ट. आमच्या संस्थेच्या हिशेब तपासनिसांनी आक्षेप घेतला: एकाच बालकाची एकाच दिवशी दोनदा मोजणी दाखवून मदतनिसांची जादा हजेरी लावलेली आहे, रक्कम वसूल का करू नये? बाईंनी उत्तरात दोन ओळी लिहिल्या आणि सोबत तिसऱ्या रकान्याचा तक्ता जोडला. आक्षेप मागे घेतला गेला, पण कागद फिरून येईपर्यंत दिवाळी होऊन गेली आणि मावशीचं सगळं घर भिवंडीकडे वीटभट्टीवर निघून गेलं. पाकीट बाईंच्या कपाटात राहिलं. पावसाच्या तोंडावर माणसं परतली तेव्हा आम्ही ते घेऊन पाड्यावर गेलो. मावशीने कशाचे पैसे ते नीट विचारून घेतलं. दुसऱ्या मापाचे, असं बाईंनी सांगितलं.

“आणि आयांचे?” ती म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. अंदाजपत्रकात तसं शीर्ष नव्हतं. पुढच्या प्रत्येक प्रकल्पात मी ते ‘संकीर्ण’ या मथळ्याखाली टाकत आले: आंघोळीचा साबण, शेंगदाण्याची चिक्की, कधी गोडेतेल. तपासनीस दर वर्षी विचारायचे, एकाच बाईला दोनदा का दिलं.